चारशे एकोणसत्तर

आयेल्ट्सचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, निकाल आला तेव्हा मी आधी ओव्हरऑल बँड, म्हणजे एकूण श्रेणी, पाहिली. ७.५. घरात आनंदीआनंद झाला. जेवणं उरकल्यावर मी कॅनडात कायमचं राहायला येणाऱ्यांना निवडण्याचा तिथल्या सरकारचा गुणतक्ता उघडला, एकेक आकडा ताडून पाहू लागले आणि लक्षात आलं की तिथे ओव्हरऑलला कुणी विचारतच नाही. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं ही चार कौशल्यं वेगवेगळी मोजतात. माझं ऐकणं ८, वाचन ७.५, बोलणं ७. ही तिन्ही कॅनडाच्या मापात, म्हणजे सीएलबीत, नवव्या पायरीवर बसत होती. लेखन ६.५ होतं. ते आठव्या पायरीवर राहिलं.

अर्ध्या बँडने काय बिघडतं, असं मला तोपर्यंत वाटत होतं. मी गणित मांडलं. लेखनाचे ३१ ऐवजी २३ गुण, म्हणजे ८ गेले. हे समजण्यासारखं होतं. पण तक्त्याच्या खालच्या भागात जोड्यांचे गुण असतात. शिक्षण आणि भाषा या जोडीचे ५०, परदेशातला अनुभव आणि भाषा या जोडीचे ५०. ते पूर्ण मिळायचे तर चारही कौशल्यांत नववी पायरी हवी. एक जरी आठवर राहिलं तरी दोन्हीकडे ५० चे २५ होतात. म्हणजे ८ अधिक ५०. एका निबंधातल्या अर्ध्या बँडपायी माझे ५८ गुण गेले होते. ४६९ व्हायला हवे होते, झाले ४११.

ही जानेवारी २०२० मधली गोष्ट. मी सिव्हिल इंजिनिअर, एम.टेक., स्ट्रक्चरल डिझाइनमध्ये साडेचार वर्षांचा अनुभव, वय २९, लग्न झालेलं नाही. यातली प्रत्येक गोष्ट त्या तक्त्यात एकेक खाना आहे. वयाचे ११०, पदव्युत्तर पदवीचे १३५. लग्न झालेलं असतं तर वयाचे जास्तीत जास्त १०० मिळाले असते आणि जोडीदाराचं शिक्षण, भाषा वेगळी मोजली गेली असती.

सुरुवातीला माझा जो घोळ झाला तो पुष्कळांचा होतो, म्हणून सांगते. कॅनडाच्या पद्धतीत गुण दोनदा मोजतात आणि त्या दोन मोजण्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पहिली मोजणी पात्रतेची: शंभरपैकी ६७ हवेत. त्यात मला ७१ होते. ते पाहून मी निर्धास्त झाले होते, कारण शाळेपासून आपल्याला हेच माहीत असतं की पासाची रेघ ओलांडली की पास. पण ६७ मिळाले की फक्त रांगेत, म्हणजे पूलमध्ये, उभं राहता येतं. तिथे दुसरी मोजणी सुरू होते, १२०० पैकी, तिला सीआरएस म्हणतात. तिला ठरलेली रेघच नाही. दर काही दिवसांनी सरकार ठरवतं की या वेळी इतक्या जणांना अर्ज करायला बोलवायचं, याला ड्रॉ म्हणतात, आणि वरून तेवढी माणसं मोजून घेतली की शेवटच्या माणसाचे जे गुण असतील तो त्या दिवसाचा कट-ऑफ. आपली तुलना तक्त्याशी होत नाही, त्या दिवशी पूलमध्ये असलेल्या हजारो लोकांशी होते.

हे असंच का, हे शोधताना मी बरंच वाचलं, आणि त्याने राग थोडा निवळला हे कबूल करायला हवं. गुण देऊन स्थलांतरित निवडण्याची पद्धत जगात पहिल्यांदा कॅनडानेच आणली, १ ऑक्टोबर १९६७ पासून. तेव्हा नऊ निकष होते आणि शंभरपैकी ५० मिळाले की झालं. त्याआधीची कित्येक दशकं माणूस कुठल्या देशाचा, कुठल्या वंशाचा यावरून दार उघडत किंवा बंद होत असे. १९६२ मध्ये ते बहुतांशी मोडलं आणि १९६७ च्या तक्त्याने त्या जागी शिक्षण, वय, भाषा, कामाचा अनुभव आणला. माझ्यासारखीला अर्ज करता येतो तो त्या तक्त्यामुळे. पण पासाची रेघ ठेवली की पास होणारे सगळेच रांगेत लागतात. रांग इतकी वाढली की २०१२ मध्ये कायदा करून फेब्रुवारी २००८ च्या आधीचे, निर्णय न झालेले बहुतेक अर्ज फी परत देऊन बंद केले गेले. सुमारे २ लाख ८० हजार माणसं होती त्यात. चार-चार वर्षं वाट पाहून त्यांना नकारसुद्धा मिळाला नाही, नुसती फी परत मिळाली. जानेवारी २०१५ मध्ये एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे ही पूलची पद्धत, आली ती या अनुभवानंतर. रांग नको, स्पर्धा चालेल, असा तो निर्णय होता.

पदवीचं मूल्यांकन, म्हणजे आपली पदवी कॅनडातल्या कुठल्या पदवीच्या तोडीची हे ठरवून घेणं, मी २०१९ मध्येच सुरू केलं होतं. विद्यापीठाने गुणपत्रकं पाकिटात घालून, पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून थेट मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे पाठवायची असतात. खिडकीवर चार खेपा झाल्या. एकदा शिक्का जोडावर न मारता पाकिटाच्या मधोमध मारला होता, म्हणून सगळं पुन्हा करावं लागलं. बाकी त्यात सांगण्यासारखं काही नाही. तो अहवाल पाच वर्षं चालतो आणि पुढे त्यानेच मला वाचवलं.

४११ गुणांसह मी फेब्रुवारी २०२० मध्ये प्रोफाइल भरलं आणि आयेल्ट्सची पुढची तारीख घेतली. मार्चमध्ये साथ आली, परीक्षा केंद्रं बंद पडली. ड्रॉ चालू राहिले, पण आधी फक्त कॅनडात काम केलेल्यांसाठी आणि प्रांतांनी निवडलेल्यांसाठी. बाहेरच्यांसाठी ते जुलैत पुन्हा उघडले. तोवर मी रोज एक निबंध लिहीत होते. लेखनात माझं चुकत काय होतं हे तपासून घेतलं तेव्हा कळलं, व्याकरण ठीक होतं. मी प्रश्नाच्या दोन भागांपैकी एकालाच नीट उत्तर देत होते आणि दुसरा शेवटच्या दोन ओळींत उरकत होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुसरा निकाल आला. लेखन ७.०.

प्रोफाइलमध्ये आकडा बदलला, पान ताजं केलं आणि ४६९ दिसले. एकोणसत्तर. सत्तरला एक उणा असलेला आकडा.

१४ ऑक्टोबरला कट-ऑफ ४७१ होता. दोन गुण. ५ नोव्हेंबरला ४७८. ९ नोव्हेंबरला माझा वाढदिवस होता आणि मी तीस वर्षांची झाले. वयाचे ११० गुण वीस ते एकोणतीसपर्यंत असतात. तिशीला १०५. सकाळी उठून पाहिलं तर प्रोफाइलने स्वतःच आकडा बदललेला होता, ४६४. त्यासाठी मला काही भरावं लागलं नव्हतं, कुठलाही कागद लागला नव्हता.

२५ नोव्हेंबरला कट-ऑफ आला ४६९.

बाबांना मी फोनवर दाखवलं. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "अगं, पण तू तीच आहेस ना?" मी म्हटलं, "बाबा, त्यांना तारीख दिसते." गुण समान असले तर ज्याचं प्रोफाइल आधीचं त्याला आधी बोलावतात आणि माझं फेब्रुवारीपासून होतं. म्हणजे सतरा दिवस आधी हा ड्रॉ झाला असता तर मला निमंत्रण मिळालं असतं. ९ डिसेंबरला पुन्हा ४६९. २३ डिसेंबरला ४६८. मी ४६४ वर उभी होते. पुढच्या ड्रॉला नक्की, असं तेव्हा सगळेच म्हणत होते आणि उतरता आकडा पाहून तसं वाटणं साहजिक होतं.

पुढचा ड्रॉच झाला नाही. २३ डिसेंबर २०२० नंतर बाहेरून अर्ज करणाऱ्या कुशल कामगारांचे ड्रॉ थांबले ते दीड वर्ष. सीमा बंद होत्या, म्हणून सरकारने जे आधीच कॅनडात आहेत त्यांनाच घ्यायचं ठरवलं. १३ फेब्रुवारी २०२१ ला एकाच दिवशी २७,३३२ जणांना निमंत्रणं गेली आणि कट-ऑफ होता ७५. पंच्याहत्तर! तो आकडा पाहून मी संताप केला, आणि त्या संतापाचा आज मला पश्चात्ताप आहे. ज्यांना बोलावलं ते तिथे वर्ष-वर्ष काम करत होते, साथीतही. त्यांना कायमचा रहिवास मिळाला यात माझं काही हिरावलं गेलं नव्हतं. पण मी ४६४ घेऊन बसले होते आणि आकड्याशिवाय दुसरं काही मला दिसत नव्हतं.

त्या पंधरवड्यात मी तक्ता पुन्हा वाचला, या वेळी एका वेगळ्या प्रश्नाने: यातलं काय वाढवता येतं? वय उतरणारच. पदवी आहे ती आहे. अनुभवाचे गुण तीन वर्षांना थांबतात, पुढे तुम्ही वीस वर्षं काम करा. प्रांताने निवडलं तर ६०० मिळतात, पण ते प्रांताच्या हातात. उरली फ्रेंच. चारही कौशल्यांत सातवी पायरी आणि सोबत इंग्रजी असेल तर ५० जादा गुण, शिवाय दुसरी भाषा म्हणून प्रत्येक कौशल्याचे ३, एकूण १२. म्हणजे बासष्ट. मला तेव्हा फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

मार्च २०२१ पासून शिकायला लागले. सकाळी ऑफिसच्या आधी दीड तास. फ्रेंचमध्ये सत्याण्णव म्हणायचं तर 'चार वीसा, दहा, सात' म्हणतात. आमच्या मॅडमनी हे शिकवलं तेव्हा वर्गात सगळ्यांनी कपाळाला हात लावला, मला मात्र तो आकडा जवळचा वाटला. जिच्या भाषेत एकोणसत्तर आणि एकोणऐंशी आहेत तिला हिशेब करत आकडे बोलणं नवीन नाही. वाचन लवकर जमलं. ऐकणं जमेना. फ्रेंच माणूस शब्दाच्या शेवटचं अक्षर गिळतो आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला की तेच गिळलेलं अक्षर त्याला चिकटवून परत आणतो. 'मित्र' या अर्थाचा 'आमी' हा शब्द मला पाठ होता, पण कानावर यायचं 'लेझामी' आणि 'झामी' म्हणजे काय हे मी शोधत बसे, तोवर वाक्य संपलेलं.

इकडे बाकीचं सगळं झिजत होतं. ६ जुलै २०२२ ला ड्रॉ पुन्हा सर्वांसाठी उघडले, कट-ऑफ ५५७. नोव्हेंबर २०२१ मध्ये मी ४५८ वर आले होते, नोव्हेंबर २०२२ मध्ये ४५३ वर. आयेल्ट्सची मुदत दोनच वर्षं, ती ऑक्टोबरमध्ये संपली. त्यातच व्यवसायांची संकेतसूची बदलली. या सूचीला एनओसी म्हणतात, आपल्या ना-हरकत प्रमाणपत्राशी तिचा संबंध नाही. माझ्या कामाचा चार आकडी २१३१ जाऊन पाच आकडी २१३०० झाला आणि सगळं नव्याने भरावं लागलं. डिसेंबरमध्ये टीसीएफ कॅनडा ही फ्रेंचची परीक्षा दिली. वाचन, लेखन, बोलणं तिन्हींत सातवी पायरी मिळाली. ऐकण्यात ४४०. सातव्या पायरीला ४५८ लागतात. पुन्हा एकच कौशल्य, पुन्हा थोडक्यात.

त्या वेळी मी सोडून देणार होते. मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू प्रत्येक शब्द पकडायला जातेस. ३९ प्रश्न आहेत, ३५ मिनिटं आहेत आणि ऐकायला एकदाच मिळतं. सुटलेला शब्द सोडून दे, पुढचा ऐक." ऐकायला साधं वाटतं. मला ते अंगी बाणवायला पाच महिने लागले. आकडेमोडीत एक दशांश चुकला तर तुळई चुकते अशा कामात माझी वर्षं गेली होती. सुटलेलं तसंच मागे सोडून पुढे जाणं हे माझ्या हाताला ठाऊकच नव्हतं. मी बातम्या ऐकताना मुद्दाम मधेच आवाज दोन सेकंद बंद करायचे आणि तरीही अर्थ लागतो का बघायचे. मार्चमध्ये आयेल्ट्स पुन्हा दिली, लेखन पुन्हा ७. मग जूनमध्ये टीसीएफ.

दरम्यान ३१ मे २०२३ ला सरकारने जाहीर केलं की आता काही ड्रॉ ठरावीक गटांसाठीच होतील. आरोग्यसेवा, विज्ञान-तंत्रज्ञान, सुतारकाम-प्लंबिंगसारखे व्यवसाय, वाहतूक, शेती, आणि फ्रेंच येणारे. मी फ्रेंच शिकायला घेतली तेव्हा हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी बासष्ट गुणांसाठी शिकत होते.

टीसीएफचा निकाल: ऐकणं ४७४, वाचन ४८०, बोलणं ११, लेखन १०. चारही सातवी पायरी. ११ जुलैच्या रात्री प्रोफाइलमध्ये भरले, ५१५ झाले. १२ जुलैला फ्रेंच येणाऱ्यांचा ड्रॉ झाला, ३,८०० निमंत्रणं, त्यांतलं एक माझं. कट-ऑफ ३७५ होता.

या आकड्यावर मी आजही थांबते. ३७५. फ्रेंचचा एकही गुण न धरता माझे ४५३ होते. म्हणजे ज्या बासष्ट गुणांसाठी सव्वादोन वर्षं घातली, ते गुण त्या दिवशी लागलेच नाहीत. लागली ती फक्त भाषा येत असल्याची खूण. गुणतक्ता अजून आहे, पण आता आधी गट ठरतो आणि गुणांनी फक्त त्या गटातला क्रम लागतो. म्हणून कुणी मला "माझे इतके होतात, चान्स आहे का?" असं विचारलं तर मी आधी विचारते, तुम्ही कुठल्या गटात बसता? तक्ताही बदलत राहतो. नोकरीच्या ऑफरचे ५० किंवा २०० गुण मिळायचे, ते २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले. ज्यांनी सगळी भिस्त त्यावर ठेवली होती त्यांचं काय झालं असेल हे मला कळतं.

निमंत्रणानंतर साठ दिवस मिळतात. त्यातले बावीस दिवस एका पत्रात गेले. अनुभवपत्रावर नुसतं पद आणि तारखा चालत नाहीत. आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष काय काम केलं ते लिहावं लागतं. माझ्या पहिल्या कंपनीच्या एचआरने सांगितलं, आमच्याकडे ठरलेला मजकूर आहे, त्यात बदल होत नाही. चार मेल, दोन भेटी, तेच उत्तर. शेवटी तिथले माझे जुने सर, जे आता निवृत्त आहेत, त्यांना फोन केला. मी म्हटलं, "सर, तुम्हाला त्रास देतेय." ते म्हणाले, "ड्रॉइंगं तू काढलीस, मी तपासली. हे लिहायला मला एचआरची परवानगी लागते का?" त्यांनी दोन पानी पत्र लिहिलं, शपथपत्र करून दिलं. त्यात एका पाण्याच्या टाकीचा उल्लेख होता, जिच्या पायाचा हिशेब मी तीनदा बदलला होता. मी ते विसरले होते. सरांच्या लक्षात होतं. सोबत नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि एचआरचं नकाराचं मेल जोडलं.

पैशाचा पुरावा एकट्या माणसाला त्या वर्षी १३,७५७ कॅनेडियन डॉलरचा होता. बँकेच्या पत्रात सहा महिन्यांची सरासरी लागते. बाबांनी ठेव मोडून काही रक्कम दिली, तेव्हा ती अचानक कुठून आली हे दाखवायला त्यांचं सहीचं पत्र जोडलं, परत करायची नाही असं त्यात स्पष्ट लिहून. ते वाक्य लिहिताना त्यांना हसू आलं. पोलीस दाखला आठ दिवसांत आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात १,३६५ डॉलर फी भरून अर्ज पाठवला, मग बोटांचे ठसे, आणि मग शांतता. मार्च २०२४ मध्ये त्यांनी व्हिसासाठी माझा पासपोर्ट मागवला.

एक गोष्ट निघायच्या आधीच नीट माहीत होती, म्हणून पुढे धक्का बसला नाही: इंजिनिअर म्हणून गुण मिळाले म्हणजे तिथे इंजिनिअर झालो असं नाही. नकाशावर सही करायचा परवाना प्रांताची संस्था देते आणि तिच्या परीक्षा, तिची छाननी वेगळी. केंद्र सरकारने ज्या पदवीला १३५ गुण दिले, ती तिथे पुन्हा तपासली जाते. मला हे चुकीचं वाटतं. ज्या कौशल्यासाठी माणूस निवडला ते वापरायची वाट त्याच कागदावर असायला हवी.

मे महिन्यात टोरोंटोच्या विमानतळावर उतरले. त्याला पिअरसन हे नाव आहे, ज्या पंतप्रधानांच्या काळात १९६७ चा तो पहिला तक्ता आला, त्यांचंच. नव्यांची रांग वेगळी होती. खिडकीतल्या बाईंनी पैशाचं विचारलं, पीआर कार्ड, म्हणजे कायमच्या रहिवासाचं ओळखपत्र, कुठल्या पत्त्यावर पाठवायचं ते विचारलं. मग रहिवासाचा कागद माझ्याकडे वळवला, जन्मतारखेवर पेनाचं टोक ठेवलं आणि विचारलं, ही बरोबर आहे ना?

मी ती तारीख, महिना, वर्ष नीट वाचलं. बरोबर आहे, म्हटलं, आणि खाली सही केली.